'मिकाडो'वाल्याची सिम्फनी

आर्थर सलिव्हननं तरुणपणी वाद्यवृंदासाठी जे लिहिलं, त्याविषयी बोलायची एक ठरलेली रीत आहे. आधी एक समजूतदार उसासा. मग, "हो, तसलंही काही लिहिलं होतं म्हणे त्यानं." मग 'मेंडेल्सोन' हा शब्द. आणि शेवटी गाडी 'द मिकाडो' या त्याच्या विनोदी ऑपेरातल्या एखाद्या चालीवर येऊन थांबली की सगळे हुश्श करतात. रेकॉर्डच्या वेष्टणावरचा मजकूर वाचा, मैफलीची कार्यक्रमपत्रिका वाचा, नाहीतर संगीताच्या जाडजूड इतिहासात त्याच्या वाट्याला आलेला परिच्छेद वाचा. क्रम सहसा बदलत नाही. इतक्या माणसांनी इतकी वर्षं एकच वाक्य फिरवून फिरवून लिहावं आणि त्यातल्या कुणालाही कंटाळा येऊ नये, याचं मला नवल वाटतं. रागही येतो.

या मंडळींचं म्हणणं त्यांच्याच ताकदीनं मांडतो, म्हणजे नंतर तक्रार नको. सलिव्हन हा लाइपझिगला शिकून आलेला हुशार मुलगा. तिथं जे शिकला तेच त्यानं पुढची काही वर्षं इंग्लंडात पुन्हा वाजवून दाखवलं. सफाईदार, पण मेंडेल्सोनची नक्कलच. सिम्फनी एकच लिहिली, ती 'आयरिश' म्हणवते पण आयरिश नाही. चेलो कॉन्चेर्टो लिहिला, तो सुरू होतोय म्हणेपर्यंत संपतो. वडील गेले तेव्हा एक शोकगंभीर ओव्हर्चर लिहिलं, तेही अंमळ गोडच. मग 1871 मध्ये विनोदी ऑपेरांचे शब्द लिहिणाऱ्या विल्यम गिल्बर्टबरोबर पहिलं काम झालं, 1875 मध्ये नाट्यनिर्माता रिचर्ड डॉयली कार्टनं दोघांना पुन्हा एकत्र आणलं, आणि सलिव्हनला स्वतःची खरी जागा सापडली. याच मताची दुसरी, जरा सोवळी आवृत्तीही आहे. तिच्यानुसार जागा सापडली नाही, हातची गेली. इंग्लंडला एक थोर सिम्फनीकार मिळणार होता, तो पैशाच्या आणि टाळ्यांच्या नादानं वाया गेला.

पहिली आवृत्ती सांगणारे ऑपेराचे भक्त असतात, दुसरी सांगणारे ऑपेराकडे नाक मुरडणारे. भांडण मोठं दिसतं. पण एका बाबतीत दोघांची तक्रार नसते: त्या रचना मुद्दाम बसून ऐकायची काही गरज नाही. एकाच्या लेखी त्या प्रस्तावना आहेत, दुसऱ्याच्या लेखी पुरावा. संगीत कुणाच्याच लेखी नाहीत.

मेंडेल्सोनपासून सुरुवात करू, कारण हे नाव उच्चारलं की पुढं काही सिद्ध करायची जबाबदारी उरत नाही असा समज दिसतो. मेंडेल्सोन 1847 मध्ये गेला. त्याच्या स्मरणार्थ लंडनमध्ये शिष्यवृत्ती ठेवायचं ठरलं आणि जेनी लिंडसारख्या गायिकेनं त्याचंच 'एलायजा' गाऊन तिच्यासाठी पैसा उभा केला. 1856 मध्ये ती शिष्यवृत्ती पहिल्यांदा दिली गेली, चौदा वर्षांच्या सलिव्हनला. दोन वर्षांनी तो लाइपझिगच्या कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला. तीही मेंडेल्सोननंच 1843 मध्ये काढलेली. म्हणजे फी मेंडेल्सोनच्या नावची, शाळा मेंडेल्सोनची, तेव्हा सूरही मेंडेल्सोनचेच असणार! या न्यायानं त्याच वर्षी त्याच शाळेत आलेला एडवर्ड ग्रीगसुद्धा नकलाकारच ठरायला हवा. त्याला तसं कुणी म्हणताना दिसत नाही. ग्रीगनं पुढं विनोदी ऑपेरे लिहिले नाहीत, एवढंच त्याचं पुण्य.

आरोपात तथ्य शून्य आहे असं मी म्हणणार नाही. लाइपझिगची परीक्षा-रचना म्हणून सलिव्हननं शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'साठी संगीत लिहिलं. ते तिथं एप्रिल 1861 मध्ये वाजलं तेव्हा त्याचं एकोणिसावं वर्षही संपायचं होतं. शेक्सपिअर, जादूचं बेट, हवेतून उतरणाऱ्या परी, आणि सतरा वर्षांचा असताना 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'चं ओव्हर्चर लिहिलेल्या माणसाची शाळा: इतकं सगळं जुळल्यावर त्या माणसाची सावली कुठंच पडली नाही असं कोण म्हणेल? पण सावली दिसली की माणूस दिसेनासा व्हावा, हे कुठलं ऐकणं? 'टेम्पेस्ट'मधल्या मेजवानीच्या नृत्यात किंवा अप्सरा आणि कापणीवाल्यांच्या नृत्यात बासरी, ओबो, क्लॅरिनेट ज्या सहजतेनं एकमेकांच्या हातातून वाक्य काढून घेतात, ती सहजता शाळेतून आलेली नाही. ती सँडहर्स्टहून आलेली आहे.

सलिव्हनचे वडील थॉमस हे सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी कॉलेजात बँडमास्टर होते. पोरगा त्या बँडच्या तालमीत वाढला, आणि आठ वर्षांचा होईतो बँडमधली जवळजवळ सगळी फुंकवाद्यं त्याला वाजवता येऊ लागली होती. पियानोवर बसून आधी स्वर लिहायचे आणि मग कुठल्या वाद्याला काय द्यायचं ते ठरवायचं, अशी पुष्कळांची पद्धत असते. इथं वाद्यं आधी आहेत. क्लॅरिनेटचा खालचा दाट आवाज कुठं टाकायचा, ओबोला श्वास घ्यायला कुठं उसंत द्यायची, हे ज्याला ओठांनी माहीत आहे त्यानं लिहिलेली ही पानं आहेत. मेंडेल्सोन बर्लिनच्या एका सुखवस्तू घराच्या दिवाणखान्यात वाढला आणि सलिव्हन लष्करी बँडच्या खोलीत. हा फरक कानांना ऐकू येतो. पण त्यासाठी कान वापरावे लागतात, चरित्रकोश नव्हे.

'टेम्पेस्ट' वाढवून, सुधारून 5 एप्रिल 1862 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये वाजलं. ऑगस्ट मान्सनं चालवलेल्या तिथल्या शनिवारच्या मैफली म्हणजे त्या काळी इंग्लंडात नवं संगीत ऐकायची सर्वांत भरवशाची जागा. रचना इतकी आवडली की पुढच्याच आठवड्यात ती पुन्हा वाजवावी लागली. एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव एका दुपारीत लंडनभर झालं. आता ही गोष्ट आजचे जाणकार कशी सांगतात? "लंडनचे श्रोते मेंडेल्सोनवर लुब्ध होते, म्हणून त्यांना हे आवडलं." म्हणजे लोकांना आवडलं नसतं तर रचना वाईट होती म्हणून, आणि आवडलं तर लोक भाबडे होते म्हणून. दोन्ही बाजूंनी सलिव्हनच हरणार अशी ही नाणेफेक आहे.

आणि मेंडेल्सोनच का? ज्या गावात तो शिकला तिथंच शूबर्टची मोठी सी मेजर सिम्फनी 1839 मध्ये पहिल्यांदा वाजली होती. शूमन त्या गावात राहून गेला होता. सलिव्हनच्या सिम्फनीत या दोघांच्या खुणा मेंडेल्सोनपेक्षा कमी नाहीत: कल्पना पुन्हा पुन्हा नव्या उजेडात धरून बघायची सवय, एका स्वरभूमीवरून दुसरीवर बेधडक सरकणं, पितळी वाद्यांना नुसतं गर्जायला न लावता बोलायला लावणं. 1867 च्या ऑक्टोबरात तो आणि त्याचा मित्र जॉर्ज ग्रोव्ह शूबर्टची हरवलेली हस्तलिखितं शोधायला व्हिएन्नाला गेले. 'रोझामुंडे'च्या संगीताचे वर्षानुवर्षं धूळ खात पडलेले भाग त्यांना एका घरातल्या कपाटात सापडले, आणि रात्री दोनपर्यंत बसून त्यांनी ते उतरवून काढले. ही काही मेंडेल्सोनच्या आंधळ्या भक्ताची तीर्थयात्रा नव्हे. पण ग्रोव्हच्या चरित्रात ही हकिगत शूबर्टसाठी सांगतात आणि सलिव्हनच्या चरित्रात गंमत म्हणून. त्यातून सलिव्हनच्या कानाविषयी काही कळतं, हे कुणाच्या गावीही नसतं.

ती सिम्फनी. ई मेजरमधली, 10 मार्च 1866 ला क्रिस्टल पॅलेसमध्ये मान्सनंच पहिल्यांदा वाजवलेली. सलिव्हन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. जरा आजूबाजूला बघा. त्याच वर्षी चायकोव्स्की मॉस्कोत आपल्या पहिल्या सिम्फनीशी झगडत होता, आणि ब्रुकनर लिंत्समध्ये आपल्या पहिलीवर होता. त्या दोन्ही पुरत्या ऐकायला मिळाल्या 1868 मध्ये. ब्राम्सची पहिली यायला तर अजून दहा वर्षं होती. चायकोव्स्कीच्या त्या पहिल्या सिम्फनीतल्या स्केर्झोतही मेंडेल्सोन ऐकू येतो. तिथं त्याला 'तरुणपणीचा ताजेपणा' म्हणतात. बिझेनं सतराव्या वर्षी, 1855 मध्ये, एक सिम्फनी लिहिली. ती त्याच्या गुरूच्या, गुनोच्या, पहिल्या सिम्फनीवर इतकी उघडपणे बेतलेली आहे की सलिव्हननं तसं केलं असतं तर त्याला फासावर दिलं असतं. ती 1935 मध्ये पहिल्यांदा वाजली आणि आज जगभरचे वाद्यवृंद ती आनंदानं वाजवतात. योग्यच करतात, ती सुंदर आहे. मग ऑपेरावाल्या बिझेला जी सवलत मिळते ती ऑपेरावाल्या सलिव्हनला का नाही? उत्तर सोपं आहे. कार्मेन शेवटी मरते ना! 'मिकाडो'त शिरच्छेदाच्या एवढ्या गप्पा होऊनही शेवटी सगळे जिवंत आणि विवाहित असतात. ज्याच्या नाटकात कुणी मरत नाही, त्याच्या सिम्फनीला गांभीर्याचा दाखला कोण देणार?

"पण ती आयरिश नाही." हा आक्षेप मला विशेष प्रिय आहे, कारण तो घेणाऱ्यांपैकी फारच थोडे पहिल्या प्रयोगाची तारीख आणि नाव एकत्र तपासतात. 1863 मध्ये सलिव्हन उत्तर आयर्लंडात बेलफास्टजवळ राहिला होता. तिथं वादळी पावसात उघड्या घोडागाडीतून परतताना पहिल्या भागाची कल्पना सुचल्याचं त्यानं आईला कळवलं, आणि त्या कल्पनेत आयर्लंडची चव आहे असंही म्हटलं. वडील जन्मानं आयरिश, तेव्हा ती चव त्याला कुठून परकी वाटणार? पण 1866 मध्ये ही रचना लोकांपुढं आली ती नुसती 'ई मेजरमधली सिम्फनी' म्हणून. मेंडेल्सोनच्या 'स्कॉटिश'शी तुलना ओढवून घ्यायला नको म्हणून त्यानं ते विशेषण स्वतःच मागं ठेवलं. पुढं 1887 मध्ये चार्ल्स स्टॅनफर्डनं खरीखुरी लोकगीतं घालून आपली 'आयरिश' सिम्फनी आणली. ते आधी कळलं असतं तर आपणही ते नाव घेतलं असतं, अशा अर्थाचं सलिव्हन नंतर बोलून गेला. 'आयरिश' असं नाव घेऊन त्याची सिम्फनी छापली गेली ती त्याच्या मृत्यूनंतर. म्हणजे जी पाटी त्यानं दारावर लावलीच नव्हती, ती पाटी खोटी आहे म्हणून आपण त्याच्यावर खटला चालवतो.

बरं, पाटी काढून ठेवा आणि तिसरा भाग ऐका. तंतुवाद्यं बोटांनी छेडली जाताहेत, आणि वर एकटा ओबो एक नाचरी, किंचित तिरकस चाल धरतो. तिला आयरिश म्हणा, इंग्लिश म्हणा, सँडहर्स्टची म्हणा. ती दुसऱ्या कुणाची नाही. ही चाल ऐकून ज्याला मेंडेल्सोन आठवतो त्यानं मेंडेल्सोन तरी नीट ऐकला आहे का, अशी मला शंका येते. शेवटचा भाग थोडा गडगडाटी झाला आहे, हे मान्य. तेविसाव्या वर्षी ज्याचा शेवट गडगडाटी होत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते.

आता 'काळानं निवाडा दिला' हे वाक्य. हे वाक्य उच्चारताना लोकांचा चेहरा न्यायाधीशासारखा होतो. काळ म्हणजे कोण? चेलो कॉन्चेर्टोचंच प्रकरण घ्या. 24 नोव्हेंबर 1866 ला क्रिस्टल पॅलेसमध्ये आल्फ्रेदो पियात्तीनं तो पहिल्यांदा वाजवला. पियात्ती म्हणजे त्या पिढीतला युरोपातल्या अव्वल चेलोवादकांपैकी एक. रचना छापली गेली नाही, म्हणून क्वचितच वाजत राहिली. 1953 मध्ये वाद्यवृंद-संचालक चार्ल्स मॅकेरस यांनी ती पुन्हा वाजवून घेतली. 1964 मध्ये लंडनमधल्या चॅपेल या प्रकाशनसंस्थेच्या इमारतीला आग लागली आणि पूर्ण स्वरलेखन व वाद्यांचे सुटे भाग जळून राख झाले. उरला फक्त चेलोचा एकट्याचा भाग आणि मॅकेरस यांची स्मृती. तेवढ्यावर विसंबून त्यांनी डेव्हिड मॅकी यांच्यासह वाद्यवृंदाचा भाग पुन्हा उभा केला, आणि 1986 मध्ये चेलोवादक ज्युलियन लॉइड वेबर यांनी तो लंडनमध्ये वाजवला. ज्या रचनेचे कागदच दोन दशकांहून अधिक काळ अस्तित्वात नव्हते, तिला श्रोत्यांनी नाकारलं असं म्हणणारा माणूस कुणाची साक्ष काढतो आहे? आगीच्या बंबवाल्याची?

या कॉन्चेर्टोचा पहिला भाग आखूड आहे, पाच मिनिटंही चालत नाही, हे खरं. चेलो बोलायला लागतो आणि बोलणं संपवून मोकळा होतो. पण कॉन्चेर्टोचा पहिला भाग म्हणजे पंधरा मिनिटांची कैफियत असलीच पाहिजे हा नियम कुणी केला? मधल्या संथ भागात चेलो ज्या ऐसपैस सुरात गातो, ते ऐकल्यावर पहिल्या भागाची घाई मला तर हेतुपूर्वक वाटते. आणि ती नसली हेतुपूर्वक, तरी संथ भाग त्यामुळं कमी चांगला होत नाही.

काळाचा निवाडा म्हणून जे सांगतात, त्याच्या तळाशी बहुतेक वेळा माणसांचा निवाडा असतो आणि त्या माणसांना नावं असतात. सलिव्हन 22 नोव्हेंबर 1900 ला वारला. काही महिन्यांतच 'टाइम्स'चे संगीत-समीक्षक फुलर मेटलंड यांनी 'कॉर्नहिल' मासिकात त्याच्यावर असा मृत्युलेख लिहिला की एडवर्ड एल्गारसारख्या संगीतकाराला पुढं बर्मिंगहॅमच्या व्याख्यानात त्याचा उघड निषेध करावासा वाटला. मेटलंड यांना पॅरी आणि स्टॅनफर्ड या संगीतकारांच्या पिढीपासून इंग्लिश संगीताचा पुनर्जन्म मोजायचा होता. या मांडणीत नव्या इंग्लिश संगीताचा वाढदिवस सांगतात तो 1880 चा, पॅरीचं 'प्रोमिथियस अनबाउंड' ग्लॉस्टरला झालं त्या वर्षाचा. आता बघा अडचण. पुनर्जन्म 1880 मध्ये व्हायचा असेल तर त्याआधी प्रेत हवं. आणि 1862 ते 1870 या काळात हा सलिव्हन नावाचा इसम सिम्फनी लिहितो, कॉन्चेर्टो लिहितो, ओव्हर्चरं लिहितो, क्रिस्टल पॅलेस भरवतो! मग एकच उपाय उरतो. त्याला मेंडेल्सोनचं शेपूट ठरवायचं आणि ऑपेराच्या दारातून बाहेर काढायचं. मेटलंड यांचा उत्साह एवढा दांडगा की सलिव्हननं किती टुकार शब्दांना चाल लावली हे दाखवताना दिलेले शब्दच बनावट निघाले, आणि ते उघडकीला आल्यावर त्यांची अब्रू गेली. अब्रू गेली, मत मात्र राहिलं. आजही कार्यक्रमपत्रिकांतून ते फिरतं आहे. ते कुणाचं, हे त्या लिहिणाऱ्यांनाही ठाऊक नसेल.

आता सोवळ्या आवृत्तीकडे वळतो, कारण तिचा मला जास्त संताप आहे. पहिले निदान म्हणतात की या रचना फारशा चांगल्या नाहीत. हे दुसरे म्हणतात की त्या 'आश्वासक' होत्या. चांगल्या की वाईट ते नाही सांगणार, आश्वासक! आश्वासन कुणी दिलं होतं यांना? सलिव्हननं मार्च 1866 मध्ये सिम्फनी दिली, नोव्हेंबरमध्ये कॉन्चेर्टो दिला. मधे सप्टेंबरात वडील अचानक गेले आणि ऑक्टोबरअखेर नॉर्विचच्या महोत्सवात 'इन मेमोरियम' वाजलं. या वस्तू आहेत, वचनचिठ्ठ्या नव्हेत. आणि याच वर्षी, मे महिन्यात, त्यानं 'कॉक्स अँड बॉक्स' हे धमाल प्रहसन मित्रमंडळींपुढं केलं. एकाच वर्षात सिम्फनी, प्रहसन, शोक आणि कॉन्चेर्टो. मग तो घसरला नेमका कुठल्या तारखेला? मार्चमध्ये सोवळा, मेमध्ये बाटला, ऑक्टोबरात प्रायश्चित्त घेऊन नोव्हेंबरात पुन्हा पंगतीत, असं काही आहे का? गंभीर सलिव्हन आधी आणि विनोदी नंतर, ही क्रमवारी त्याच्या आयुष्यात कधी नव्हतीच. ती लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी केलेली आहे.

('इन मेमोरियम'च्या शेवटी ऑर्गन घालून त्यानं जो भव्य समारोप केला आहे तो मला झेपत नाही. पण सुरुवातीचा ओबोचा सूर, साधा आणि स्तोत्रासारखा, ज्या संयमानं येतो, तो पितृशोकाचं प्रदर्शन मांडणाऱ्याचा नाही.)

पैशाचा आरोप तर हास्यास्पद आहे. 1861 पासून सलिव्हन चर्चमध्ये ऑर्गन वाजवून, शिकवण्या करून, घरोघरच्या पियानोंसाठी गाणी लिहून पोट भरत होता. कव्हेंट गार्डनमध्ये ऑर्गनिस्ट म्हणून वावरताना तिथल्या रंगमंचासाठी 1864 मध्ये 'लील आँशांते' हा बॅले लिहिला. सिम्फनीचे पैसे त्याला कोण देणार होतं? जर्मन दरबारांसारखा पगार देणारा राजा तिथं नव्हता, आणि महोत्सवांच्या समित्यांना हवी होती ती बायबलवरची समूहगायनं. ज्यांनी एका सिम्फनीला नीट पोसलं नाही, त्यांच्याच वारसांनी 'दुसरी का लिहिली नाहीस' म्हणून त्याला फैलावर घ्यावं? सेझार फ्रांकनं डी मायनरमधली एकच सिम्फनी लिहून ठेवली. त्याला कुणी वाया गेलेला म्हणत नाही. आणि गांभीर्य सोडलं म्हणावं तर 'मिकाडो'नंतरच्या वर्षी, 1886 मध्ये, याच माणसानं लीड्सला 'द गोल्डन लेजंड' दिलं आणि 1891 मध्ये 'आयव्हनहो' हा गंभीर ऑपेरा, ज्याचे सलग दीडशेहून जास्त प्रयोग झाले. 1883 मध्ये त्याला 'सर' केल्यावर लगेच वृत्तपत्री शहाणे म्हणू लागले की मिस्टर सलिव्हनला जे शोभलं ते सर आर्थरना शोभणार नाही. शोभण्याचीच चिंता. ऐकण्याची नाही.

उरलं ते 'ओव्हर्चर दी बालो'. 'मार्मियन' या 1867 च्या ओव्हर्चरवर मी अडून बसणार नाही, पण इथं बसणार. 31 ऑगस्ट 1870, बर्मिंगहॅमचा महोत्सव, म्हणजे इंग्लंडातल्या धर्मगंभीर समूहगायनाचं माहेरघर. तिथं अठ्ठावीस वर्षांचा सलिव्हन काय घेऊन जातो? नृत्याचं ओव्हर्चर. डौलात चालणारी पोलोनेझ, मग लांबलचक वॉल्ट्झ, मग उधळलेला गॅलप. "हलकंफुलकं," म्हणतात लोक, आणि पुढं जातात. थांबा जरा. ही तीन नृत्यांची माळ नाही. ओव्हर्चरच्या अभिजात घाटात नृत्यं अशी बसवली आहेत की नाचणाऱ्याला फक्त नाच ऐकू यावा आणि ऐकणाऱ्याला बांधणी. वॉल्ट्झमधून गॅलपमध्ये शिरताना सांधा सापडत नाही. फुंकवाद्यं इथं नुसती रंग भरत नाहीत. ती चिमटे काढतात, कानात काहीतरी सांगतात, एकमेकांना चुकवून पळतात. यात विनोद आहे, आणि तो शब्दांशिवाय आहे. ना गिल्बर्ट, ना कोरस, ना जपानी पंखे. हसू नुसत्या वाद्यांच्या जागा बदलण्यातून येतं. असा विनोद वाद्यवृंदाकडून काढून घेणारे लोक संगीतात किती झाले? हायडन झाला, रोसिनी झाला. त्यांना आपण गंभीर मानतो ना?

आणि म्हणूनच पुढच्या ऑपेरांचं कौतुक करणाऱ्यांनी या रचनांवर पाय देऊन उभं राहू नये. हे ऑपेरे जिथं होत त्या सॅव्हॉय थिएटरात, वादकांच्या खड्ड्यात, सलिव्हनकडे तिसेक वादक असत. ओबो एकच, बासूनही एकच. दुसऱ्या बासूनसाठी 1888 च्या 'द योमेन ऑफ द गार्ड'पर्यंत थांबावं लागलं. तेवढ्या तुटपुंज्या मंडळींकडून तो जे काढत असे, ते सिम्फनी आणि 'दी बालो' लिहिलेल्या हातानंच निघू शकतं. त्या हाताला शिकाऊ म्हणायचं आणि त्याच हातानं पुढं केलेल्या कामाला अस्सल, हे कसलं गणित?

यातली खरी गंमत निराळीच आहे. वाद्यवृंदकार म्हणून सलिव्हनला जोखताना बहुतेक जण कानात काय धरतात? 'मिकाडो'चं ओव्हर्चर. 'द पायरेट्स ऑफ पेन्झान्स'चं ओव्हर्चर. मैफलींत वाजतं तेही तेच. 'मिकाडो'चं ओव्हर्चर सलिव्हननं लिहिलेलं नाही. ऑपेरातल्या चाली एकापुढं एक ठेवून ते जुळवलं हॅमिल्टन क्लार्कनं. 'पायरेट्स'चं आल्फ्रेड सेलियरनं. पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवसापर्यंत गाणी लिहीत बसलेल्या सलिव्हनला वेळ नसे, तेव्हा हे काम तो सहाय्यकांवर सोपवी. 'आयोलँथी' आणि 'योमेन' यांची मात्र स्वतः लिहिली, आणि त्यांचा दर्जा लगेच कळतो. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं लोक दुसऱ्याच माणसांची जुळवाजुळव ऐकून सलिव्हनला वाद्यवृंद जमतो की नाही याचा निकाल देत आले आहेत, आणि त्यानं स्वतः, सबंध, एकहाती, कुणाच्याही शब्दांच्या आधाराशिवाय जे लिहिलं ते 'उमेदवारीतलं' म्हणून फडताळात ठेवत आले आहेत.

तेव्हा माझी मागणी सहानुभूतीची नाही. ई मेजरची सिम्फनी कार्यक्रमाच्या उत्तरार्धात ठेवा, जिथं ब्राम्स ठेवता तिथं. आधी 'गिल्बर्ट आणि सलिव्हनच्या लोकप्रिय चाली' वाजवून लोकांची समजूत काढू नका. पत्रिकेत 'मिकाडो'चा उल्लेख नको, मेंडेल्सोनचाही नको, 'आश्वासक' हा शब्द तर मुळीच नको. संगीतकाराचं नाव, स्वरभूमी, 1866, चार भागांच्या गती, एवढं छापा. मग तिसऱ्या भागात ओबोवाला उठवतो ती चाल ऐकून कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणू द्या.